उन्हाचाही हिशेब मांडा

(कळंबोली येथील बैठकीतील भाषण)



मराठवाडा-विदर्भातून रात्रभर प्रवास करून सकाळी कळंबोलीत उतरलात, तेव्हा पाहिलेच असेल. लोखंडबाजार, मालट्रकांच्या रांगा, पलीकडे तळोज्याचे कारखाने. आणि वर सूर्य असून नसल्यासारखा. धुराने दमा होतो हे सगळे सांगतात. पिकाचे काय होते ते कोणी सांगत नाही, म्हणून आज तेवढेच बोलू.

हवेतले बारीक कण ऊन दोन प्रकारे अडवतात. गंधकाच्या धुरातून झालेले पांढरट कण ऊन परत आकाशात फेकतात. काजळी ते स्वतःच पिऊन टाकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली हवामान खात्याच्या १२ केंद्रांच्या नोंदी मांडल्या. १९८१ ते २००४ या काळात जमिनीवर पोचणारे ऊन दर चौरस मीटरला दरवर्षी सरासरी ०.८६ वॉटने घटले. म्हणजे एकूण तूट २० वॉटच्या घरात. ढगांचाही त्यात वाटा असतो. सगळे खापर धुरावर फोडता येणार नाही.

आता आपल्या शिवारात येऊ. सप्टेंबरात आभाळ भरून राहिले की कपाशीची पाती गळतात, हे कळायला कृषी विद्यापीठ लागत नाही. उन्हाविना पानात साखर कमी बनते, झाड भार टाकून देते. रब्बी ज्वारीचा दाणा तर पावसाळा सरल्यावर भरतो, धूळ धुऊन न्यायला पाऊस नसतो तेव्हा. विखुरलेला उजेड खालच्या पानांनाही मिळतो, त्याने थोडी भरपाई होते. पण धुरके दाट झाले की तोटाच. शिवाय समुद्रावरचे ऊन घटले की बाष्प कमी होते, मोसमी पाऊस अशक्त होतो. कोरडवाहूला हा घाव त्याहून मोठा.

१९९१ साली फिलिपीन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा गंधक फार उंच गेला, म्हणून दोनेक वर्षे टिकला. जगाचे तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. ट्रकचा, कारखान्याचा धूर आठ-पंधरा दिवसांत खाली बसतो. रोज नवा सोडतात म्हणून हटत नाही, एवढेच. युरोपने धुराडी आवरली, तसे १९८० च्या दशकानंतर तिथले ऊन पुन्हा वाढले. मेख अशी की धुराने झाकलेली उष्णताही त्याबरोबर उघडी पडली.

पऱ्हाटी पेटवू नका म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे: कुट्टी यंत्राचे भाडे द्या, आम्ही काडी ओढणार नाही. आणि पाऊस मोजता तसे ऊनही प्रत्येक महसूल मंडळात मोजा, आकडे चावडीवर लावा.

तोवर आपली वही. पातेगळ कोणत्या तारखेला झाली, त्याआधी आठवडाभर आभाळ ढगाळ होते की धुरकट, एवढे लिहा. पुढच्या बैठकीला वह्या बरोबर आणा.