सही करण्यापूर्वी
(वारजे, पुणे येथील सभेत केलेले भाषण)



औषधाच्या चाचणीत आपण नाव द्यावे काय, हा आजचा विषय आहे. पुणेकरांना तो परका नाही. २६ ऑगस्ट २०२० रोजी कोविशील्ड लसीच्या भारतातील चाचणीचा प्रारंभ ह्याच शहरात, भारती विद्यापीठाच्या रुग्णालयात झाला. त्या चाचणीत जे पुढे आले त्यांचे उपकार आपणां सर्वांवर आहेत. तेव्हा सरसकट नकार द्या, असे मी सांगणार नाही.

परंतु होकार कोणाचा, हे पाहिले पाहिजे. १८९७ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले असता डॉ. हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारीस प्रथम स्वतःस टोचून घेतली. नंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने तयार झालेल्या कैद्यांना दिली. लस उपयुक्त ठरली, हे खरे. पण कैद्याची स्वखुशी ती कितीशी? आणि ज्या बाईजवळ औषधाला पैसा नाही, तिला ‘सही करा, सारे फुकट होईल’ असे म्हटले, तर तिची स्वखुशी तरी कितीशी?

एक गोष्ट पक्की ध्यानी धरा. चाचणी म्हणजे उपचार नव्हे. औषध गुणकारी आहे की नाही हे ठाऊक नसते, म्हणूनच तर ती करावयाची! कित्येक चाचण्यांत काहींना औषध नसलेली, दिसावयास मात्र तशीच गोळी देतात, आणि कोणास काय मिळाले हे डॉक्टरासही ठाऊक नसते.

२०१९ च्या नियमांनी आपल्या हाती पुष्कळ दिले आहे. माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. सही केलेल्या कागदाची प्रत आपल्यापाशी राहिली पाहिजे. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार विनामूल्य, आणि मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास भरपाई. मधूनच सोडून जाण्याची मुभा आहे, व त्यापायी नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

म्हणून कागद घरी आणा. शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. गोळ्या किती दिवस, रक्त किती वेळा, बुडालेल्या रोजाचे काय, हे विचारा. ‘उद्या सांगते’ एवढे म्हणताच समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, तर त्या जागी सही करू नका. त्याच कागदावर आपल्या हक्कांविषयी कोणाकडे विचारणा करावी ते दिलेले असते. तेथे फोन करा.