संमोहनाची शक्ती कोणाची?

१८४५ सालच्या एप्रिल महिन्याच्या ४ तारखेला बंगालमधील हुगळी येथे एका कैद्यावर शस्त्रक्रिया चालली होती. रोग अंडवृद्धीचा होता आणि सर्जन होता जेम्स एस्डेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील एक स्कॉटिश डॉक्टर. साचलेले पाणी काढून आत दाहक औषध सोडताच तो कैदी वेदनांनी तळमळू लागला. मेस्मेरिझम नावाच्या विद्येविषयी एस्डेलने तोपर्यंत केवळ वाचले होते. प्रत्यक्ष प्रयोग त्याने कधी पाहिलाही नव्हता. तरीही त्याने त्या माणसाला डोळे मिटावयास सांगितले आणि त्याच्या चेहऱ्यावरून व अंगावरून, स्पर्श न करता, संथपणे हात फिरवीत तो बराच वेळ बसून राहिला. हळूहळू रोग्याचे कण्हणे थांबले आणि त्याला गाढ निद्रा लागल्यासारखे दिसू लागले. तेव्हा एस्डेलने जज्ज व कलेक्टर या दोघांना बोलावणे पाठविले. जिल्ह्याच्या ठिकाणी एखादी गोष्ट घडली असे सिद्ध व्हावयाचे, तर या दोन साहेबांनी ती पाहिलेली बरी, हे त्या डॉक्टरला चांगले ठाऊक असावे. त्यांच्यासमक्ष रोग्याला टाचण्या टोचल्या, विस्तवाचा चटका दिला. तो हलला नाही.

या प्रसंगाचे महत्त्व कळण्यासाठी तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. ईथर हुंगवून रोग्याला बेशुद्ध करण्याचा जाहीर प्रयोग अमेरिकेत बोस्टन येथे झाला तो १८४६ च्या ऑक्टोबरमध्ये; क्लोरोफॉर्म त्यानंतर वर्षाने आले. तोपर्यंत शस्त्रक्रिया म्हणजे चार दांडग्या माणसांनी रोग्याला दाबून धरावयाचे आणि सर्जनने शक्य तितक्या घाईने सुरी चालवावयाची. अशा दिवसांत एस्डेलने पहिल्या आठ महिन्यांत मोहनिद्रेतील ७३ वेदनारहित शस्त्रक्रियांची नोंद केली, आणि ‘मेस्मेरिझम इन इंडिया’ या आपल्या ग्रंथात ती १८४६ साली प्रसिद्ध केली. हत्तीरोगामुळे वाढलेल्या, माणसाला धड उठूबसू न देणाऱ्या प्रचंड गाठी त्याने या रीतीने काढल्या. सरकारने चौकशी समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर कलकत्त्यात एक लहानसे रुग्णालय वर्षभरासाठी त्याच्या हवाली केले.

एस्डेलची पद्धत मोठी कष्टाची होती. तासन् तास हात फिरवून तो स्वतः थकून जाई, म्हणून लवकरच त्याने हे काम रुग्णालयातील हिंदू व मुसलमान मदतनिसांना शिकविले. अंधाऱ्या खोलीत रोग्याला खाटेवर निजवीत. उशाशी बसलेला मदतनीस त्याच्या अंगावरून हात उतरवी व मधून मधून फुंकर घाली. कोणाला पहिल्याच दिवशी गुंगी येई, कोणाच्या बाबतीत हा उपक्रम कित्येक दिवस चालवावा लागे, आणि काहींना ती मुळीच येत नसे. बंगालमधील मांत्रिकांची झाडफूक आणि आपली क्रिया यांतील साम्य एस्डेलच्याही नजरेतून सुटले नव्हते.

समितीला एक अडचण मात्र जाणवली. काही रोगी शस्त्रक्रिया चालू असता निश्चल पडून राहत. काहींचे हातपाय हालत, चेहरे आक्रसत, परंतु जागे झाल्यावर आपणास काहीच जाणवले नाही असे ते सांगत. मग वेदना झालीच नाही, की झालेली वेदना विसरली गेली? हा प्रश्न पुष्कळ दिवस टिकला. विलायतेतील टीकाकारांनी इतका विचार केला नाही. साहेबाला खूष करण्यासाठी नेटिव लोक सोंग करतात, असे म्हणून ते मोकळे झाले. सेर दोन सेरांची गाठ कापली जात असताना गाढ झोपेचे सोंग करणारा माणूस त्यांपैकी कोणी पाहिला होता की काय, हे कळत नाही. उलट, ज्या कैद्यांवर आरंभीचे प्रयोग झाले त्यांना नाही म्हणण्याची मुभा कितपत होती, हा खरा विचारण्याजोगा प्रश्न त्या वादात फारसा निघालेला दिसत नाही.

ईथर आणि क्लोरोफॉर्म हाती येताच हा सारा खटाटोप मागे पडला. जे काम काही मिनिटांत होते आणि सर्वांवर होते, त्यासाठी दिवसच्या दिवस हात फिरवीत बसण्याचे कारण उरले नाही. एस्डेल १८५१ मध्ये मायदेशी परतला आणि १८५९ मध्ये वारला. संमोहकाच्या देहातून एक प्रकारचे सूक्ष्म द्रव्य निघून रोग्याच्या देहात शिरते, अशी त्याची श्रद्धा होती. त्याने पाहिले ते खरे होते; त्याने सांगितलेले कारण मात्र खोटे होते.

ते कारण खोटे असल्याचा पुरावा तर एस्डेलच्या जन्मापूर्वीच पुढे आला होता. या विद्येला ज्याचे नाव चिकटले तो व्हिएन्नाचा डॉक्टर फ्रांझ मेस्मर १७७८ मध्ये पॅरिसला आला आणि ‘प्राणिज चुंबकत्वा’च्या बळावर रोग बरे करू लागला. त्याच्याभोवती इतकी गर्दी लोटली की १७८४ साली फ्रान्सच्या राजाने एक चौकशी मंडळ नेमले. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे त्याचे सभासद होते. फ्रँकलिनच्या बागेतील एक झाड मेस्मरच्या शिष्याने चुंबकित केले आणि एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडापाशी नेले. मुलगा मूर्च्छित पडला खरा. परंतु ज्याला कोणी हातही लावला नव्हता अशा झाडापाशी! चुंबकत्व वगैरे काही नाही, हा सर्व कल्पनेचा खेळ आहे, असा मंडळाने निर्णय दिला. निर्णय बरोबर होता. मात्र केवळ कल्पनेने एक धडधाकट मुलगा जमिनीवर कोसळतो, ही गोष्ट त्या निर्णयाइतकीच नवलाची आहे, हे त्या विद्वानांच्या लक्षात आले नाही.

ते लक्षात आले एका गोमंतकीय धर्मगुरूच्या. आबे फारिया, म्हणजे जुझे कुस्तोदियु फारिया, यांचा जन्म १७५६ मध्ये बारदेशातील कांदोळी येथे झाला. पंधराव्या वर्षी ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले आणि पुढे रोम येथे धर्मशास्त्र शिकले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका गोव्यात अजून सांगतात. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभे राहिल्यावर या तरुणाची वाचाच बसली. तेव्हा वडील हळूच कोकणीत म्हणाले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ आणि त्याबरोबर त्यांची जीभ मोकळी झाली. एका वाक्याने माणसाचे भय जाते कसे, या विचाराने फारियांना तेव्हापासूनच पछाडले, असे कथा सांगणारे म्हणतात. कथा खरी असो वा नसो, १८१३ पासून पॅरिसमध्ये त्यांनी जे जाहीर प्रयोग केले त्यांचे सूत्र हेच होते. ते हात फिरवीत नसत, चुंबके वापरीत नसत. माणसाला खुर्चीत स्वस्थ बसवून डोळे मिटावयास सांगत आणि मग खड्या आवाजात आज्ञा देत, ‘झोपा!’ निद्रेचे कारण निजविणाऱ्यात नसून निजणाऱ्यात आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. पॅरिसने त्यांची थट्टा केली. एका नटाने निद्रेचे सोंग घेऊन भर सभेत डोळे उघडले, आणि रंगभूमीवर त्यांच्या विडंबनाचे नाटक आले. १८१९ मध्ये ते निवर्तले. पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला त्यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. हात पसरून उभे असलेले फारिया आणि त्यांच्यासमोर कोसळणारी स्त्री असे ते शिल्प आहे. ते अत्यंत प्रभावी आहे यात शंका नाही. परंतु पाहणाऱ्याला शक्ती त्या पसरलेल्या हातांतच असल्यासारखे वाटते, आणि फारियांचे सांगणे नेमके उलट होते.

१८४३ मध्ये मँचेस्टरचा सर्जन जेम्स ब्रेड याने ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले. निद्रेच्या ग्रीक देवतेवरून घेतलेले ते नाव पुढे खुद्द ब्रेडलाच चुकीचे वाटू लागले, कारण ही निद्रा नव्हेच. मेंदूच्या विद्युल्लहरी नोंदणाऱ्या यंत्राने आज तेच दाखविले आहे. संमोहित मनुष्य जागा असतो. त्याचे लक्ष मात्र एका बिंदूवर गोळा झालेले असते. कादंबरीत गढलेल्या वाचकाला हाक ऐकू येत नाही, मैदानात खरचटलेला गुडघा खेळाडूला डाव संपल्यावर दुखू लागतो, त्याच जातीची ही अवस्था आहे. उपचारकाचे काम एवढेच की शांत बोलण्याने ती अवस्था आणावयाची आणि ती टिकून आहे तोवर योग्य ती सूचना द्यावयाची. हात हलका होऊन आपोआप वर येत आहे, असे त्याने सांगितले की तो खरोखरीच वर येतो, आणि आपण तो उचलला असे त्या माणसाला वाटत नाही.

हे सर्वांना सारखे साधत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात हिलगार्ड व वाइत्झेनहोफर यांनी १९५९ मध्ये ही पात्रता मोजण्याची श्रेणी तयार केली. साधारणपणे दर दहा माणसांत एखाददुसरा फार सहज संमोहित होतो, तितक्यांवर जवळजवळ परिणाम होत नाही आणि उरलेले मधले असतात. ज्यांना विद्यार्थिदशेत मोजले होते त्यांना पंचवीस वर्षांनी पुन्हा मोजले, तेव्हा बहुतेकांचे आकडे फारसे ढळलेले नव्हते. भोळेपणाशी किंवा दुबळ्या मनाशी याचा संबंध नाही. एस्डेलचे काही रोगी का गुंगले नाहीत, याचे उत्तर येथे मिळते.

त्याच्या समितीला पडलेल्या कोड्यावरही १९९७ साली माँट्रियल येथील प्रयोगाने बराच प्रकाश पाडला. संमोहित व्यक्तींना पोळणाऱ्या पाण्यात हात घालावयास लावून सूचना दिली की ही वेदना आता तितकी त्रासदायक वाटणार नाही. चटका तेवढाच आहे, पण तो सोसवतो, असे त्यांनी सांगितले. त्याच वेळी घेतलेल्या मेंदूच्या चित्रांत, चटका टिपणाऱ्या भागाचे काम पूर्ववत चालू होते. वेदनेचा जाच जेथे जाणवतो त्या भागाचे काम मात्र सूचनेप्रमाणे बदलले होते. ‘दुखते आहे’ आणि ‘सोसवत नाही’ या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी नांदतात, आणि दुसरीला शब्दाने हात घालता येतो.

म्हणून संमोहनाचा आजचा सर्वांत भरवशाचा उपयोग वेदना आणि भीती यांवरच आहे. भाजलेल्या रोग्याची पट्टी बदलताना, दात काढताना, सुईला भिणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते वापरतात. न्यूयॉर्कमध्ये स्तनांच्या शस्त्रक्रियेला आलेल्या २०० स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ज्यांना आधी केवळ पंधरा मिनिटे संमोहन दिले त्यांना नंतर वेदना, मळमळ व थकवा कमी जाणवला आणि भुलीचे औषधही कमी लागले. बेल्जियममधील लिएज येथे १९९२ पासून हजारो रोग्यांवर पूर्ण भूल न देता, जागेपुरती बधिरता आणि संमोहन यांच्या जोडीने शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

याहून अनपेक्षित क्षेत्र आतड्यांचे आहे. पुष्कळ माणसांना वर्षानुवर्षे पोटात कळा येतात, पोट फुगते, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब. तपासणीत मात्र काही दोष आढळत नाही. अशा माणसाला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे ऐकण्याचा कंटाळा आलेला असतो. १९८४ मध्ये पीटर व्हॉरवेल यांनी, ब्रेडच्याच मँचेस्टरमध्ये, औषधांना न जुमानणाऱ्या अशा ३० रोग्यांपैकी निम्म्यांना संमोहनोपचार दिले आणि त्यांच्यात ठळक सुधारणा झाली. रोग्याला पोटावर हात ठेवून त्याची ऊब आत पसरत आहे असे कल्पावयास सांगतात. आतड्यांची हालचाल संथ वाहणाऱ्या नदीसारखी होत आहे असे चित्र डोळ्यांपुढे आणावयास लावतात. मेंदू व आतडी यांच्यामध्ये मज्जातंतूंची दुहेरी वाट आहे, तिचा हा उपयोग. एक वर्षाच्या औषधोपचाराने गुण न आल्यास या उपचाराचा विचार व्हावा, अशी शिफारस ब्रिटनच्या शासकीय मार्गदर्शक संस्थेने २००८ मध्ये केली. रोगी नंतर हा सराव घरी, कोणाही संमोहकावाचून, करीत राहतो.

धूम्रपान सोडविण्यात मात्र इतर उपायांपेक्षा ते सरस असल्याचा निर्णायक पुरावा नाही. मोडलेले हाड त्याने जुळत नाही, मधुमेह जात नाही, कर्करोगाची गाठ विरघळत नाही. गतस्मृती उकरून काढण्यासाठी तर त्याचा आश्रय कधीही करू नये. संमोहनात माणसाला अधिक आठवते हे खरे, परंतु त्यात कल्पित भागही तितकाच वाढतो आणि दोहोंविषयी त्याची खात्री मात्र सारखीच पक्की होते. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या न्यायालयांनी १९८० च्या दशकात संमोहनाने ‘ताजी’ केलेली साक्ष नाकारली वा तिच्यावर कडक बंधने घातली. पूर्वजन्मीच्या आठवणींचीही तीच गत. १९५६ मध्ये अमेरिकेत गाजलेल्या एका पुस्तकातील स्त्रीने संमोहनावस्थेत आयर्लंडमधील ‘ब्रायडी मर्फी’ म्हणून आपला जुना जन्म वर्णिला. तिच्या बालपणी तिच्या घरासमोरच एक आयरिश बाई राहत असे आणि तिचे माहेरचे नाव ब्रायडी मर्फी होते, असे बातमीदारांनी शोधून काढले.

याशिवाय एक साधा धोका आहे. वेदना ही पुष्कळदा शरीराने दिलेली वर्दी असते. आंत्रपुच्छाच्या दाहाने दुखणारे पोट शब्दाने शांत केले आणि दोन दिवस वाया गेले, तर रोगी प्राणाला मुकेल. निदान आधी, संमोहन नंतर, हा क्रम ज्याला ठाऊक नाही किंवा ज्याला निदान करताच येत नाही, त्याच्या खोलीबाहेर कितीही मोठी पाटी असली तरी तेथे जाऊ नये. लिएजमध्ये रोग्याच्या कानाशी हे संथ बोलणे भूलतज्ज्ञच बोलतो, आणि भुलीची औषधे त्याच्या हाताशी तयार असतात.