श्रीनगर ते लेह

श्रीनगर आणि लेह या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे २५५ किलोमीटर आहे. पुण्याहून सोलापूरला जाण्याइतकेच म्हणा ना! विमान ते पाऊण तासाच्या आसपास कापते. रस्ता मात्र सुमारे ४२० किलोमीटरांचा. सोनमर्ग मागे पडले की ३,५२८ मीटर उंचीचा झोजी ला, पुढे द्रास, कारगिलला रात्रीचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी ४,१०८ मीटरांवरचा फोटू ला, आणि मग सिंधूच्या काठाने लेह. ‘ला’ म्हणजे तिकडच्या भाषेत खिंड. तेव्हा ‘झोजी ला खिंड’ असे म्हणणे ‘विंध्याचल पर्वत’ म्हणण्याच्याच जातीचे आहे.

या आकाशमार्गाचा आरंभ युद्धकाळातला. १९४८ च्या मे महिन्यात हल्लेखोर लेहच्या रोखाने सरकत होते. रस्त्याने कुमक वेळेवर पोहोचण्याची आशा नव्हती. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या श्रमांवर सिंधूकाठच्या वाळूत धावपट्टी तयार करविली. २४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिच्यावर डाकोटा विमान उतरविले. सोबत जनरल थिमय्या होते. त्या विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, आणि मार्गाचा विश्वसनीय नकाशाही नव्हता. पुढे याच वाटेने सैनिक आले आणि लेह वाचले.

आजची विमाने पुष्कळ सुधारली. हवा मात्र तीच आहे. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरांवर. तेथील हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे तीन-दशांशाने विरळ. पंखांना पुरेसा आधार मिळावा म्हणून विमानाला अधिक वेगाने धावावे लागते. इंजिनाचा जोर मात्र त्याच हवेत घटतो. ऊन चढले की हवा आणखी विरळ होते, म्हणून ओझे कमी करावे लागते. दुपारी दरीतून आडवे वारे सुटतात, पूर्वेच्या टोकाला डोंगर उभे. म्हणून नागरी विमानांची ये-जा मुख्यतः सकाळीच उरकावी लागते. सकाळी ढग उतरले तर तो दिवस गेलाच समजावा.

एवढे करून वाचविलेला वेळ शरीर परत मागून घेते. श्रीनगरचा विमानतळ सुमारे १,६५० मीटरांवर. म्हणजे पाऊण तासात माणूस दुप्पट उंचीवर जाऊन बसतो. डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही. पहिले दोन दिवस स्वस्थ पडून राहावे, असे डॉक्टर बजावतात. रस्त्याने जाणाऱ्यालाही दोनच दिवस लागतात! घाईचा प्रवासी हा सल्ला मानीत नाही, आणि कधी कधी प्राणाशी गाठ पडते.

लडाखच्या माणसाचे गणित मात्र निराळे. पूर्वी झोजी ला पाच-सहा महिने बर्फाखाली असे. सीमा सडक संघटनेने तो काळ अलीकडे पुष्कळच आखूड केला आहे. खिंडीखालून सुमारे १३ किलोमीटरांचा बोगदाही खोदला जात आहे. पण बर्फाने वाट अडली, की मोठ्या इस्पितळात न्यावयाच्या रोग्यासाठी विमानावाचून मार्ग नसतो. जानेवारीतल्या सकाळी त्याचे नातलग २५५ किलोमीटरांचा हिशेब करीत नाहीत. ते पश्चिमेचे आभाळ पाहतात, आणि दहा वाजून गेले की घड्याळ पाहू लागतात.