शाबितीचा भार कुणावर?



करार झाला, मुदत उलटली. एक पक्ष म्हणतो, ठरलेलं काम झालंच नाही. दुसरा म्हणतो, मी ते चोख केलं. पुरावा दोन्हीकडून अपुरा. न्यायाधीशाला खरं काय ते कळत नाही, पण निकाल दिल्यावाचून सुटकाही नाही. अशा वेळी एकाच प्रश्नावर दावा फिरतो: शाबितीचा भार कुणावर होता? ज्याच्यावर होता, तो हरतो. म्हणून हा विषय वकिलांपुरता मानू नका. कायद्यानं दिलेला हक्क पदरात पडतो की नाही, हे पुष्कळदा इथंच ठरतं.

रोमन विधिज्ञ पॉलस याचा नियम जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’मध्ये आहे: विधान करणाऱ्यानं शाबीत करावं, नाकारणाऱ्यानं नव्हे. ऐकायला सरळ. पण ‘काम झालं नाही’ असं धनको, म्हणजे ज्याला ते मिळायचं होतं तो, म्हणतो, तेव्हा तो विधान करतो की नकार देतो? आणि जे घडलंच नाही, ते त्यानं शाबीत तरी कसं करायचं?

1804 च्या फ्रेंच नागरी संहितेनं कलम 1315 मध्ये हा भार दोघांत वाटून दिला. दायित्व आहे, हे मागणाऱ्यानं दाखवायचं. ते फेडलं किंवा अन्य कारणानं संपलं, हे सुटका मागणाऱ्यानं. 2016 च्या सुधारणेत कलमाचा क्रमांक 1353 झाला, गाभा तोच राहिला.

इटलीत हा वाद जास्त रंगला. 1942 च्या संहितेखाली तिथं एक मत रूढ झालं होतं. धनकोनं करारपूर्ती मागितली, तर करार दाखवणं पुरे. पण करार रद्द करा किंवा भरपाई द्या, असं म्हटलं, तर करारभंगही त्यानंच शाबीत करायचा. तर्क असा, की या दोन मागण्या करारभंगावरच उभ्या आहेत. 30 ऑक्टोबर 2001 रोजी तिथल्या कॅसेशन, म्हणजे सर्वोच्च, न्यायालयाच्या संयुक्त पीठानं निवाडा क्रमांक 13533 देऊन हा भेद काढून टाकला. मागणी तिन्हींपैकी कुठलीही असो, धनकोनं करार आणि उलटलेली मुदत दाखवावी आणि करारभंग झाला एवढं सांगावं; काम केलं, हे ऋणकोनं, म्हणजे ते करायला बांधलेल्यानं, शाबीत करावं. काम अर्धवट किंवा सदोष झाल्याची तक्रार असली, तरी हेच.

न्यायालयाची कारणं मला मोलाची वाटतात. एकदा निर्माण झालेला हक्क, तो फिटल्याचं दिसेपर्यंत टिकून आहे असं धरावं. आणि पुरावा ज्याच्या हाताशी, त्यानं तो आणावा. ज्यानं काम केलं, त्याच्याकडे त्याच्या खुणा असतात. ज्याला काहीच मिळालं नाही, त्याच्याकडे कसली खूण असणार? म्हणूनच काही ‘न करण्याचं’ बंधन असेल, तर नियम उलटतो. या गल्लीत दुसरं दुकान काढणार नाही, असा शब्द दिला होता आणि दुकान निघालं, तर ते धनकोला दाखवता येतं, भार त्याच्यावर. 1900 साली अमलात आलेल्या जर्मन संहितेनं करारातल्या दंडाबाबत कलम 345 मध्ये हाच अपवाद लिहून ठेवला होता. तिच्या कलम 363 नुसार मात्र, दिलेली वस्तू धनकोनं करारपूर्ती म्हणून एकदा स्वीकारली, की ती ठरल्याप्रमाणे नव्हती किंवा अपुरी होती, हे पुढं त्यानंच शाबीत करायचं.

वैद्यकीय दाव्यांत हा विचार सर्वांत कसाला लागतो. फ्रेंच कॅसेशन न्यायालयानं 1936 साली ठरवलं, की डॉक्टर बरं करण्याची हमी देत नाही, काळजीपूर्वक उपचारांची देतो. म्हणून हयगय रुग्णानं शाबीत करायची. पण 1997 साली त्याच न्यायालयानं सांगितलं, की उपचारांतल्या धोक्यांची कल्पना दिली होती, हे डॉक्टरनं शाबीत करावं. ‘मला कुणी सांगितलं नाही’ याचा पुरावा रुग्ण कुठून आणणार?

मात्र ‘फेडल्याचं ऋणकोनं दाखवावं’ हा नियम सगळीकडे आपोआप न्याय्य ठरत नाही. आपल्या दख्खनचा इतिहास आठवा. इथं वही सावकाराची, लेखणी सावकाराची. निरक्षर कुणब्यानं हप्ता दिला, तरी पावती हातात नसेल, तर फेडलेलं कर्ज न्यायालयात फेडलेलं ठरत नसे. 1875 मध्ये सुप्याला दंगा पेटला, आणि दंगेखोरांनी शोधून शोधून जाळले ते कर्जरोखे. 1879 च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्यानं मग न्यायालयांना रोख्यामागच्या व्यवहाराचा इतिहास तपासायला लावलं आणि शेतकऱ्याला लेखी पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. जर्मन संहितेचं कलम 368 आणि इटालियन संहितेचं कलम 1199 ऋणकोला पावतीचा हक्क देतात, त्यामागचा विचार हाच आहे. ज्याच्यावर भार टाकायचा, त्याला पुरावा तयार करण्याचं साधनही द्यायला हवं.

आपल्या 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 106 नुसार विशेष माहितीतल्या गोष्टीचा भार ती माहिती असणाऱ्यावरच होता, आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 109 नुसारही तो त्याच्यावरच आहे. आज व्यवहारांच्या नोंदी बँका, विमा कंपन्या आणि रुग्णालयं यांच्या संगणकांत असतात. तेव्हा भार ठरवताना न्यायालयानं आधी पाहावं, की नोंद कुणी ठेवली आणि तिची प्रत दुसऱ्याला मिळत होती का. मिळत नसेल, तर शाबीत करण्याचं काम नोंद ठेवणाऱ्याचं आहे. ग्राहक, रुग्ण आणि कर्जदार म्हणून आपण प्रत्येक प्रत मागून घेतली पाहिजे, आणि ती देणं बंधनकारक करणाऱ्या कायद्याचा आग्रह धरला पाहिजे.