दमा, शील्डिंग आणि शिथिल झालेला सल्ला

करोनाच्या साथीत ब्रिटन सरकारने सर्वाधिक धोका असलेल्या लोकांना घरातच राहण्याचा जो खास सल्ला दिला, तो ‘शील्डिंग’ या नावाने ओळखला गेला. २२ मार्च २०२० रोजी तो जाहीर झाला. सुरुवातीला इंग्लंडमधल्या सुमारे १५ लाख लोकांना तशी पत्रे पाठवायचे ठरले. पुढे यादी वाढत २२ लाखांवर गेली. सल्ला कडक होता. बारा आठवडे घराबाहेर पडायचे नाही, वाणसामान आणि औषधे दुसऱ्या कोणी दारात आणून ठेवायची, आणि घरातल्या माणसांपासूनही शक्य तितके अंतर राखायचे. हा कायदा नव्हता. मोडणाऱ्याला दंड नव्हता. तरीही बहुतेकांनी तो काटेकोरपणे पाळला.

यादीत अवयव प्रत्यारोपण झालेले, काही प्रकारचे कर्करोग असलेले, सिस्टिक फायब्रोसिसचे रुग्ण होते, आणि गंभीर दमा असलेलेही होते. यातला ‘गंभीर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये सुमारे ५४ लाख लोक दम्यावर उपचार घेतात. गंभीर दमा असलेल्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास धरली जाते. म्हणजे शील्डिंग हे बहुसंख्य दमेकऱ्यांसाठी कधीच नव्हते. त्यांची गणना दुसऱ्या, अधिक मोठ्या गटात होती. दर हिवाळ्यात फ्लूची लस मोफत मिळणाऱ्यांचा तो गट. त्यांना अंतर विशेष काळजीने पाळायला सांगितले होते, कोंडून घ्यायला नव्हे.

या दोन गटांतली रेघ आखली गेली ती मुख्यतः औषधांच्या नोंदींवरून. रुग्णाला २०१९च्या उत्तरार्धात प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्या वारंवार लागल्या होत्या का, बायोलॉजिक प्रकारची इंजेक्शने चालू आहेत का, दम्यासाठी रुग्णालयात राहावे लागले का, असे निकष होते. देशभर एकच सार्वजनिक आरोग्यसेवा असल्यामुळे अशी छाननी काही दिवसांत करता आली. भारतात ते शक्य नव्हते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या मे २०२०च्या आदेशात ६५ वर्षांवरील व्यक्ती, सहव्याधी असलेले, गरोदर स्त्रिया आणि १० वर्षांखालील मुले असे सरसकट गट होते. नावानिशी यादी नव्हती. महाराष्ट्रात सहव्याधींची घरोघर विचारपूस ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत झाली, ती सप्टेंबर २०२० मध्ये. तोवर ब्रिटनमधले पहिले शील्डिंग थांबूनही गेले होते.

मात्र नोंदींवरून बनलेल्या यादीची एक अडचण होती. दमा हा एका जागी स्थिर राहणारा आजार नाही. श्वासनलिकांना सूज, त्यांच्या स्नायूंचे आकुंचन आणि चिकट स्राव या तिन्हींचे प्रमाण ऋतूनुसार, धूळ-धुरानुसार, सर्दी-पडशानुसार बदलत राहते. शिवाय जो डॉक्टरकडे जातच नाही, त्याच्या नावावर औषधेही थोडीच दिसतात आणि कागदावर त्याचा दमा सौम्य ठरतो. ब्रिटनमध्येच २०१४ साली दम्याच्या मृत्यूंची राष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली होती. तीत मृत्यू पावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांवर सौम्य किंवा मध्यम दमा म्हणून उपचार चालू होते, असे आढळले होते. यादी करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण दुसरे साधन हाताशी नव्हते. फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री चाचणीही संसर्गाच्या भीतीने बहुतेक ठिकाणी बंद होती.

दमेकऱ्यांना करोना जड जाईल, ही मार्चमधली भीती वाजवी होती. दम्याचा झटका येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे सर्दीचे विषाणू. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत रुग्णालयात आलेल्यांमध्ये दमेकरी लक्षणीय संख्येने होते. प्रत्यक्षात मात्र चित्र वेगळे निघाले. वुहानमधल्या पहिल्या अहवालांतच दम्याचे रुग्ण अपेक्षेपेक्षा कमी दिसले. मग इंग्लंडमधल्या सुमारे १ कोटी ७० लाख प्रौढांच्या नोंदी तपासणारा ‘ओपनसेफली’ हा अभ्यास जुलै २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. वय, लठ्ठपणा आणि इतर आजार जमेस धरल्यावर, अलीकडे स्टिरॉइडच्या गोळ्या न लागलेल्या दमेकऱ्यांचा करोनाने मृत्यू होण्याचा धोका दमा नसलेल्यांइतकाच भरला. गोळ्या लागलेल्यांचा धोका सुमारे १३ टक्क्यांनी अधिक होता. त्याच अभ्यासात ८० वर्षांवरील माणसाचा धोका पन्नाशीतल्या माणसाच्या विसपट होता. वयापुढे दमा फार लहान ठरला.

यामागची कारणे अजूनही पूर्ण उलगडलेली नाहीत. विषाणू पेशीत शिरताना ज्या एसीई-२ या ग्राहकाचा आधार घेतो, तो ॲलर्जीच्या दम्यात श्वासनलिकांच्या पेशींवर कमी असतो, हे एक स्पष्टीकरण. पंपातून घेतलेले स्टिरॉइड संरक्षण देत असावे, हे दुसरे. या दुसऱ्या कल्पनेची ऑक्सफर्डमध्ये बुडेसोनाइडच्या पंपावर चाचणीही झाली आणि २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष उत्साहवर्धक आले. पण मार्च २०२० मध्ये अनेक रुग्ण नेमके उलट धास्तावले होते: स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होईल म्हणून रोजचा पंपच थांबवावा का? डॉक्टरांचे आणि रुग्णसंस्थांचे उत्तर एकमुखी होते. पंप थांबवायचा नाही. ‘पंपाची सवय लागते’ हा समज ज्या घरांत अजून पक्का आहे, तिथे हे उत्तर आजही सांगावे लागते.

शील्डिंग शिथिल झाले ते मात्र दम्याविषयीच्या या नव्या ज्ञानामुळे नव्हे. ते झाले साथ ओसरल्यामुळे. माणसाला असलेला धोका हा दोन गोष्टींचा गुणाकार असतो: संसर्ग होण्याची शक्यता आणि झाल्यास आजार गंभीर होण्याची शक्यता. जूनमध्ये पहिली संख्या झपाट्याने खाली आली. सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार, चार आठवड्यांपूर्वी समाजात ५००पैकी एकाला संसर्ग होता. २२ जूनच्या सुमारास ते प्रमाण १,७००मध्ये एकाहूनही कमी झाले होते. दुसरी संख्या होती तिथेच राहिली. फुप्फुसे तीच होती. हा फरक नीट समजावून सांगितला गेला असता तर पुढचा बराच गोंधळ टळला असता.

इंग्लंडमध्ये सल्ला टप्प्याटप्प्याने सैल झाला. १ जूनपासून दिवसातून एकदा घरातल्यांबरोबर, किंवा एकटे राहणाऱ्याने बाहेरच्या एका व्यक्तीबरोबर, मोकळ्या हवेत जायची मुभा मिळाली. ही घोषणा इतकी अचानक झाली की आपल्याला आधी काहीच कळवले नव्हते, अशी तक्रार अनेक डॉक्टरांनी आणि रुग्णसंस्थांनी केली. काही रुग्णांना तर यादीतून नाव वगळल्याचे मोबाइलवरच्या संदेशातून कळले. डॉक्टरांशी बोलणे नंतर. ६ जुलैपासून सहा जणांपर्यंत बाहेर भेटता येऊ लागले. १ ऑगस्टला शील्डिंग थांबवण्यात आले. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडही त्याच सुमारास थांबले, वेल्सने १६ ऑगस्टपर्यंत वाट पाहिली. लेस्टर शहरात संसर्ग वाढलेला असल्याने तिथल्या लोकांना आणखी घरातच राहावे लागले. मुलांबाबत बालरोगतज्ज्ञांचे मत लवकर स्पष्ट झाले होते. यादीतल्या बहुतेक मुलांना, त्यात नेहमीच्या दवाखान्यातून दम्याचे औषध घेणारी मुलेही आली, पुढे शील्डिंगची गरज नाही, असे त्यांनी सांगितले.

सल्ल्याबरोबर त्याचा आधारही निघाला, आणि खरी अडचण इथे झाली. पास्ता, डबाबंद अन्न, पाव, फळे, साबण असा दर आठवड्याला येणारा सरकारी खोका जुलैअखेर बंद झाला. शील्डिंगच्या कारणाने मिळणारे वैधानिक आजारवेतन, आठवड्याला ९५ पौंड ८५ पेन्स, तेही त्याच दिवशी संपले. घरून करता येणारे काम असलेल्याला फार फरक पडला नाही. दुकानात, शाळेत किंवा बस चालवण्याच्या कामावर असलेल्या दमेकऱ्याला मात्र १ ऑगस्टपासून ‘जाऊ शकता’ याचा अर्थ ‘गेलेच पाहिजे’ असा झाला. कामाची जागा सुरक्षित आहे की नाही हे ठरवणारा मालक, आणि न पटल्यास पगार गमावणारा कामगार. साथ ओसरल्यावर बंधन काढणे शास्त्राला धरून होते. पैसा आणि बंधन एकाच तारखेला काढणे हा शास्त्राचा नव्हे, खजिन्याचा निर्णय होता.

तारखेचीही एक बारीक बाब होती. इंग्लंडमध्ये शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात आणि मुले एकमेकांना सर्दी देऊ लागतात. म्हणून दर वर्षी सप्टेंबरात मुलांच्या दम्याच्या झटक्यांची लाट येते. शील्डिंग थांबले ते या लाटेच्या एक महिना आधी. म्हणून शिथिलतेच्या काळात डॉक्टरांनी भर दिला तो घरच्या तयारीवर: रोजचा पंप नियमित घेणे, झटका आल्यास काय करायचे याचा लेखी आराखडा जवळ ठेवणे, फ्लूची लस घेणे. टाळेबंदीत हे अनेकांनी केले होते आणि त्याचा परिणामही दिसला होता. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये टाळेबंदीच्या पहिल्या तेरा आठवड्यांत दम्यासाठी तातडीने दाखल होणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटले आणि दम्याचे मृत्यू वाढले नाहीत. सर्दीचे विषाणू फिरत नव्हते, रस्त्यांवरचा धूर कमी होता, आणि औषधे वेळेवर घेतली जात होती. तिन्हींचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे.

शिथिलता टिकली नाही. नोव्हेंबरमधल्या टाळेबंदीत यादीतल्या लोकांना पुन्हा कामावर न जाण्याचा सल्ला मिळाला, आणि जानेवारी २०२१ मध्ये शील्डिंग पूर्णपणे परतले. फेब्रुवारीत वय, वंश, वजन, वस्तीतली गरिबी असे अनेक घटक एकत्र मोजणारे ‘क्यूकोविड’ हे गणित वापरून आणखी १७ लाख लोक यादीत घेतले गेले. एकेका आजाराच्या नावावरून धोका ठरवण्याची पद्धत मागे पडू लागल्याची ही खूण होती. लसीकरणात जुनी रेघ मात्र पुन्हा दिसली: गंभीर दमेकऱ्यांना प्राधान्य, सौम्य दमा असलेल्यांनी वयाप्रमाणे थांबायचे. भारतातही १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातल्या सहव्याधीग्रस्तांना लस खुली झाली, तेव्हा श्वसनविकाराची अट अशीच होती. गेल्या दोन वर्षांत रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले असावे, किंवा फुप्फुसांची क्षमता निम्म्याखाली गेलेली असावी.

इंग्लंडमधले दुसरे शील्डिंग ३१ मार्च २०२१ रोजी संपले आणि १५ सप्टेंबर २०२१ रोजी संपूर्ण कार्यक्रमच बंद झाला. केंद्रीय यादीवरून सर्वांना सारखा सल्ला देणे थांबले. गंभीर दमा असलेल्यांनी कोणती खबरदारी घ्यायची, हे त्यांनी आपापल्या तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलून ठरवायचे, असे कळवण्यात आले.