जिचं जळतं तिला कळतं. पण पुढं काय?

(मुरुड, जि. लातूर इथे बचतगटातल्या स्त्रिया, आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेलं भाषण.)

सकाळपासून आपण मानसिक आजारांची लक्षणं, औषधं, कायदा याबद्दल ऐकलं. माझ्याकडे आलेला विषय जरा वेगळा आहे. जिला स्वतःला मानसिक आजार होऊन गेला आहे, किंवा अजून आहे, अशी बाई या क्षेत्रात कार्यकर्ती म्हणून काम करू शकते का? आणि केलं तर तिच्या आजारपणाचा त्या कामाला उपयोग होतो की अडचण?

हा प्रश्न मला परका नाही, हे आधीच सांगून टाकते. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं, नोकरीला लागले आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर मला नैराश्याचा आजार झाला. दीड वर्ष औषधं घेतली. आज मी याच क्षेत्रात काम करते. त्यामुळे आता जे बोलणार आहे त्यातलं काही शिकलेलं आहे, काही भोगलेलं.

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. आपल्या जिल्ह्याने हे एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाच-सहा वर्षांची होते. नंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरं दुरुस्त करण्याचं, मजबूत करण्याचं काम निघालं. त्यात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केलं. ज्यांनी स्वतः तो हादरा सोसला होता, त्याच बायका शेजारणीला भिंत कशी बांधायची, अनुदान कसं मिळवायचं हे सांगू लागल्या. पण लक्षात घ्या, नुसतं सोसलं म्हणून त्यांना बांधकाम आलं नाही. त्यासाठी प्रशिक्षण घ्यावं लागलं. आजच्या विषयाबद्दल मला जे म्हणायचं आहे त्याचं सार यातच आहे.

आता अनुभवाचा उपयोग नेमका कुठे होतो ते बघू.

पहिली गोष्ट भाषेची. आपल्याकडची बाई येऊन ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. ती म्हणते, अंगात त्राण नाही, डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय, कशातच जीव लागत नाही. मग तिच्या रक्ताच्या तपासण्या होतात, सलाईन लागतं, नाहीतर ‘बाहेरचं’ म्हणून देवऋषीकडे नेतात. भाकरी थापता थापता उगीच रडू येणं म्हणजे काय, हे जिने अनुभवलं आहे तिला या शब्दांमागचं दुखणं लवकर ऐकू येतं.

दुसरी गोष्ट औषधाची. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्रास मात्र आधी सुरू होतो. कुणाला मळमळतं, कुणाच्या तोंडाला कोरड पडते, कुणाला गुंगी येते. म्हणजे पहिल्या आठवड्यात बाईच्या वाट्याला नुसता त्रासच येतो. घरातलेही म्हणतात, ‘गोळ्यांनीच हिला असं झालंय, बंद करा.’ पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं. मी ते दिवस काढले आहेत, म्हणून गोळ्या सुरू झालेल्या प्रत्येक बाईला मी आठव्या दिवशी आठवणीने फोन करते. ‘काय काय होतंय ते सांग, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नकोस,’ एवढंच बोलते.

तिसरी गोष्ट मानाची. मी आजारी असताना मला एका डॉक्टरांकडे नेलं होतं. मी समोर बसलेली, पण सगळे प्रश्न माझ्या नवऱ्याला: ही झोपते का, ही खाते का, ही भांडते का. मी पदवीधर, नोकरी करणारी, तरी त्या खोलीत माझं तोंड कुणी उघडूच दिलं नाही. मग जिला सही येत नाही तिचं काय होत असेल? तेव्हापासून माझा नियम आहे, आधी बाईशी बोलायचं, तिला विचारून मग घरच्यांशी.

चौथी गोष्ट आशेची. आजारी बाईला शंभर वेळा ‘तू बरी होशील’ म्हणून सांगा, तिला ते पटत नाही. पण यातून बाहेर पडलेली, आता कामाला जाणारी, हसणारी बाई तिच्यासमोर बसली की तिला काहीतरी दिसतं. हे काम कितीही हुशार डॉक्टर असला तरी त्याला एकट्याला जमण्यासारखं नाही.

हे सगळं मीच पहिल्यांदा सांगते आहे असं नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांनाच पुढे कार्यकर्ते, समुपदेशक म्हणून उभं केलं गेलं. दारूची तलफ काय असते, नातेवाइकांना कशा थापा मारल्या जातात, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. व्यसनी माणसांच्या बायकांसाठीही तिथे ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. तिथेही एकीचं दुःख दुसरी समजून घेते.

पुण्यातलंच दुसरं नाव भार्गवी दावर यांचं. त्यांच्या आईला मानसिक आजारामुळे मनोरुग्णालयांत राहावं लागलं. लहानपणी पाहिलेलं ते सगळं घेऊन त्यांनी अभ्यास केला, भारतातल्या स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर स्त्रीवादी दृष्टीने पुस्तक लिहिलं आणि १९९९ मध्ये आईच्या नावाने ‘बापू ट्रस्ट’ उभारला. २०२४ मध्ये त्या गेल्या. घरातल्या दुखण्याची लाज न बाळगता त्यांनी त्यातून प्रश्न विचारले: उपचार कुणाच्या मर्जीने, कोंडून का, बाईचं म्हणणं कुठे आहे?

तिसरं उदाहरण गोव्याचं. तिथे ‘संगाथ’ संस्थेने गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांच्या नैराश्यासाठी त्याच भागातल्या साध्या आयांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं. त्याची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी आजारातून बाहेर आलेल्या स्त्रियांचं प्रमाण मदत मिळालेल्या गटात जास्त निघालं. त्या मदत करणाऱ्या आया स्वतः आजारी पडल्या होत्या म्हणून निवडल्या नव्हत्या. पण बाळ मांडीवर घेऊन रात्र काढणं त्यांना ठाऊक होतं. सारख्या अनुभवाला प्रशिक्षणाची जोड मिळाली की काय होतं, ते यातून दिसतं.

आता दुसरी बाजू. अनुभव असला की सगळं कळलंच, असं समजणं धोक्याचं आहे. माझं नैराश्य आणि तुमचं नैराश्य सारखं नसतं. माझ्याकडे पगार होता, माहेरचा आधार होता. पिकापायी कर्जबाजारी होऊन नवऱ्याने आत्महत्या केलेल्या बाईसमोर बसून ‘मी पण यातून गेले आहे’ म्हणणं शोभत नाही. तिचं ऐकायचं असतं, आपलं सांगायचं नसतं. आपला अनुभव मिठासारखा वापरावा, चिमूटभर. आपल्याला लागू पडलेली गोळी दुसरीला सुचवायची नाही, तिची चालू गोळी बंद करायला सांगायची नाही. जीव देण्याची भाषा कुणी केली तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. तिला एकटी सोडायचं नाही आणि डॉक्टरांपर्यंत न्यायचं. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, दिवसरात्र, मोफत. प्रत्येकीने तो आपल्या वहीत लिहून ठेवा.

आणि मैत्रिणींनो, सर्वांत अवघड प्रश्न पुढेच आहे. बाईने हे उघडपणे सांगायचं कसं? पुरुष आजारी पडला तर बायको गोळ्या काढून देते. बाई आजारी पडली तर तिला माहेरी आणून सोडतात. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, आणि ते बाईविरुद्ध हत्यारासारखं वापरलं जातं. नको असलेल्या बायकोला ‘वेडी’ ठरवलं की काम झालं.

म्हणून कायदा काय सांगतो तेही माहीत हवं. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने राम नारायण गुप्ता यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की, स्किझोफ्रेनिया असं नुसतं आजाराचं नाव सांगून घटस्फोट मिळत नाही. आजार किती तीव्र आहे हे सिद्ध करावं लागतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की, एखाद्या व्यक्तीला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तिचं मन ठिकाणावर नाही असं धरता येत नाही. ते सक्षम न्यायालयानेच ठरवायचं असतं. आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती निवडण्याचा हक्कही त्यात आहे. ती व्यक्ती नवराच असली पाहिजे असं नाही. बहीण, मैत्रीण, कुणीही सज्ञान व्यक्ती चालते. रुग्णालयात असलेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडायचं नाही, असंही तो कायदा म्हणतो.

कायदा कागदावर आहे. गावात तो आपणच आणायचा आहे. त्यासाठी मी चार गोष्टी मागते.

एक, आजाराबद्दल सांगायचं की नाही, कुणाला, किती, हे ती बाईच ठरवेल. संस्थेच्या कार्यक्रमात ‘ही आमची बरी झालेली पेशंट’ म्हणून तिला उभं करायचं नाही.

दोन, तिला इतर कार्यकर्त्यांसारखंच रीतसर प्रशिक्षण मिळालं पाहिजे. अडलं तर विचारायला अनुभवी माणूस हवं.

तीन, मानधन. दुःख सोसलेल्या बाईने फुकट सेवा करावी ही अपेक्षा आपण, निदान स्त्रियांच्या संघटनांनी तरी, सोडून देऊ. घरात तेच चालतं, इथेही तेच नको.

चार, ती पुन्हा आजारी पडू शकते, हे आधीच धरून चालायचं. मधुमेहवालीला रजा मिळते तशी तिलाही मिळावी, आणि परत आल्यावर तिची जागा तिला मिळावी.

या मंडपात आज ज्या बसल्या आहेत त्यांच्यातही कुणी असेल, जी तांदळाच्या डब्यात गोळ्या लपवून ठेवते. तिने हात वर करावा असं मी म्हणणार नाही. तिला एवढंच सांगते की, माय, तुझ्याकडे जे आहे ते आमच्या कामाला हवं आहे, तुला वाटेल तेव्हा ये. आणि बाकीच्यांना सांगते की, ती आली तर तिला बसायला जागा हवी. पुढच्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते आणि कर्जवाटप झालं की या चार मागण्या वाचा, त्यावर बोला, आणि ठराव करून कळवा.