लंडनच्या परिषदा एकत्र बसतात तेव्हा



लंडनला महापौर आहे, हे आपण ऐकून असतो.
पण कचरा, वाचनालयं, वृद्धांची देखभाल...
हा रोजचा कारभार पाहतात तिथल्या स्थानिक परिषदा.
त्यांना म्हणतात बरो.
बरो आहेत 32. शिवाय जुनं सिटी ऑफ लंडन.

या साऱ्यांची मिळून एक संघटना आहे. लंडन कौन्सिल्स.
ती परिषदांच्या डोक्यावर बसलेली नाही.
ती परिषदांचीच आहे.

मग निर्णय कोण घेतं?
नेत्यांची समिती.
प्रत्येक परिषदेचा नेता तिथे येतो.
परिषद मोठी असो वा लहान, मत एकच.
पक्ष मात्र वेगवेगळे. तेव्हा वादावादी होतच असणार!

स्वयंसेवी संस्थांना अनुदान द्यायचं असतं.
तिथे साधं बहुमत पुरत नाही.
त्या खर्चाला किमान दोन तृतीयांश परिषदांची संमती लागते.
मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

आता बसस्टॉपवर चला.
एक आजोबा बसमध्ये चढतात.
खिशातलं कार्ड यंत्राला टेकवतात.
तिकीट नाही, पैसे नाहीत.
हा फ्रीडम पास.
ज्येष्ठांना आणि अपंगांना मिळतो.
महापौरांची वाहतूक संस्था बस चालवते...
पण या पासाचे पैसे भरतात परिषदा.
आणि तो हिशेब सगळ्यांच्या वतीनं ठरवते ही संघटना.

रात्री जड मालमोटारींनी कुठल्या रस्त्यानं जायचं,
त्यावरही तिचंच नियंत्रण.
म्हणजे पुन्हा, परिषदांचंच.